"आईचा जीव धोक्यात आला तर डॉक्टर करतीलच की" हे कितपत खरं?

शेवंती
गर्भपातबंदीची बाजू घेणारे एक वाक्य हमखास म्हणतात: कायदा कितीही कडक असू दे, आईच्या जिवावर बेतलं तर सूट असतेच. सूट असते, कबूल. पण ती कितव्या तासाला लागू होते?

सविता हालप्पनवार आठवते का? भारतातून आयर्लंडला गेलेली ३१ वर्षांची दंतवैद्य. २१ ऑक्टोबर २०१२ ला पाठ दुखते म्हणून ती गॉलवेच्या रुग्णालयात गेली. सतरावा आठवडा होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, त्याच रात्री गर्भाभोवतीचं पाणीही गेलं. तिने स्वतः गर्भपात करा म्हणून सांगितलं. बाळाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. २८ तारखेला ती सेप्सिसने गेली. जे बाळ वाचणारच नव्हतं त्याचे ठोके थांबायची वाट बघत बसले आणि तेवढ्यात आईच्या रक्तात जंतू पसरले.

सप्टेंबर २०२१ मध्ये पोलंडमधल्या प्श्चिना गावात तेच घडलं. इझाबेला, ३० वर्षांची, बाविसावा आठवडा, पाणी गेलेलं. कायद्यामुळे डॉक्टर काही करू शकत नाहीत, असे मेसेज ती पलंगावरून आईला पाठवत होती. तीही सेप्सिसनेच गेली.

दोन्ही देशांच्या कायद्यात सूट होती.

काठावरचा
शेवंती, दोन्ही मृत्यू चटका लावणारेच आहेत. पण दोष कोणाचा हे ठरवताना तुम्ही घाई करताय. सविताच्या प्रकरणात आयर्लंडच्या आरोग्य नियामक संस्थेने चौकशी केली आणि वेळीच हस्तक्षेप करायच्या १३ संधी हुकल्याचं सांगितलं. तिच्या नाडी-तापाकडे नीट लक्षच दिलं गेलं नव्हतं. ही चूक वॉर्डाची. पोलंडचा कायदा तर जिवाला सोडाच, आरोग्याला धोका असला तरी परवानगी देतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या कायद्यात गर्भनळीतला गर्भ किंवा आपोआप दगावलेला गर्भ काढणं याला गर्भपात म्हणतच नाहीत.

मी न जन्मलेल्या बाळाला माणूस मानतो आणि ते लपवत नाही. पण एक जीव वाचणारच नसेल तर दुसरा वाचवा, हे माझ्या बाजूचा कोणीही सांगेल. डॉक्टर घाबरून हात आखडता घेत असेल तर त्याला कायदा नीट समजावून सांगा. त्यासाठी कायदाच कशाला मोडीत काढायचा?

शेवंती
सविताच्या प्रकरणात चौकशी आणखी एक झाली होती, आयर्लंडच्या आरोग्यसेवेनेच केलेली. कायद्याच्या अर्थाविषयीच्या चिंतेचा डॉक्टरांच्या निर्णयावर परिणाम झाला, हे त्यात नोंदवलंय. हेळसांड झाली हे मलाही मान्य. पण गर्भपात सविता २३ तारखेलाच मागत होती, सेप्सिसचं निदान व्हायच्या आदल्या दिवशी. तेव्हा दिला असता तर पुढच्या कितीतरी चुकांना वावच उरला नसता.

दुपारची_सायली
माझ्या वहिनीचा नळीतला गर्भ फुटला होता. सकाळी पोटात बारीक दुखत होतं, तासाभरात चक्कर येऊन पडली. पोट उघडलं तर आत रक्तच रक्त. तेव्हा कोणी वकिलाला फोन लावत बसलं असतं तर ती आज नसती. इतकंच सांगायचं होतं.

रात्रपाळी
लेबर रूममध्ये १९ वर्षं काढली, म्हणून लिहिते.

अठराव्या आठवड्यात पाणी गेलेली बाई पहिल्या दिवशी आजारी दिसतच नाही. उशीला टेकून बसलेली असते, कधी घरी जायचं विचारते. आपण दर चार तासांनी ताप बघायचा, पॅड बदलताना वास येतोय का बघायचं. नाडी ८८. मग ९६. मग ११०. ताप अजून नाही. डॉपलर लावला की बाळाचे ठोके खणखणीत, १५०. ते तिलाही ऐकू येतात, त्यामुळे तिच्या तोंडाकडे बघवत नाही. मग अचानक हुडहुडी भरते, दोन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजत राहतात. तरुण शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं. बाई बोलत असते, उत्तरं देत असते, आणि सोडतं तेव्हा एकदम सोडतं. मग सलाईन, अँटिबायोटिक, रक्त, आयसीयू, सगळं पळापळीत.

काठावरचा, या ११० आणि कोसळण्याच्या मधे केसपेपरवर "जीव धोक्यात" असं कोणत्या वेळी लिहायचं? मी काम केलं तिथे असला कायदा आड येत नव्हता. नाडी चढायला लागली की आमच्या मॅडम निर्णय घ्यायच्या. ती वेळ चुकली तर बाई वाचली तरी गर्भपिशवी जाते, किडन्या जातात.

कलम_आणि_कागद
कायदा समजावून सांगा म्हणणं सोपं आहे. टेक्सासमध्ये डॉक्टरच्या डोक्यावर ९९ वर्षांपर्यंतचा तुरुंगवास, किमान १ लाख डॉलर दंड आणि लायसन्स जाणं, एवढं टांगलेलं आहे. चूक कोणत्या बाजूला झालेली परवडेल, हा हिशेब कोणताही माणूस करणारच. उशीर झाला तर फार तर हलगर्जीपणाचा दावा. लवकर केलं तर जन्मठेप.

त्याचा परिणाम आकड्यांतही दिसला. टेक्सासच्या २०२१ च्या गर्भपातबंदीच्या कायद्यानंतर तिथल्या डॅलस शहरातल्या दोन रुग्णालयांनी २२ आठवड्यांच्या आत पाणी जाण्यासारखी गुंतागुंत झालेल्या २८ बायकांची नोंद ठेवली. धोका "तातडीचा" ठरेपर्यंत सरासरी ९ दिवस गेले आणि ५७ टक्के बायकांना गंभीर त्रास झाला. असा कायदा नसलेल्या राज्यांत, अशाच स्थितीत लगेच गर्भपात निवडलेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं.

आयडाहो राज्याचं प्रकरणही बघा. अमेरिकेत १९८६ पासून केंद्राचा एमटाला कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला स्थिर करा, अवयव निकामी व्हायची शक्यता असेल तरीही, असं तो सांगतो. आयडाहोच्या कायद्यात सूट फक्त मृत्यू टाळण्यापुरती. २०२४ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा काही महिने पूर्ण लागू होऊ दिला, तेव्हा तिथल्या एका मोठ्या रुग्णालय समूहाला सहा गरोदर बायका विमानाने परराज्यात पाठवाव्या लागल्या. इलाज सगळ्यांना माहीत होता, करायला हात मोकळे नव्हते.

काठावरचा
रात्रपाळी यांचं वाचून बराच वेळ थांबलो. नाडीचं मला खरंच माहीत नव्हतं.

तरी दोन गोष्टी सांगतो. टेक्सासने २०२५ मध्ये दुरुस्ती केली. धोका अगदी समोर येऊन ठेपेपर्यंत थांबायची गरज नाही, हे आता कायद्यातच आहे. म्हणजे बंदी ठेवूनही सुधारता येतं. दुसरं, अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातली अँबर थर्मन. २०२२ मध्ये गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यावर गर्भाचे अवशेष आत राहिले, क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ करणं) सुरू व्हायला सुमारे २० तास लागले आणि ती गेली. त्यात जिवंत बाळाचा प्रश्नच नव्हता. कायदा कुठे आड आला?

कलम_आणि_कागद
जॉर्जियाच्या कायद्यातली सूट "आपोआप झालेल्या गर्भपाताने" दगावलेल्या गर्भासाठी आहे. तिने गोळ्या घेतल्या होत्या. आई वाचवण्याची वेगळी सूट आहे, पण ती केव्हा लागू होते हे ठरवण्यात पुन्हा तेच तास जातात. टेक्सासच्या दुरुस्तीचं मी स्वागत करते. पण २०२१ ते २०२५ ही चार वर्षं ज्या बायका त्या वॉर्डांत पडून होत्या, त्यांचं काय?

काठावरचा
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मग रेष कुठे आखायची? पाणी गेलं की लगेच गर्भपात? काही बाळं त्यातूनही जगतात.

रात्रपाळी
अठराव्या आठवड्यात फारच क्वचित, पण हो. म्हणून पाणी गेलं की बाईजवळ बसून सगळं सांगायचं. बाळाची आशा किती, तिला धोका किती. नको म्हणाली तर त्याच दिवशी करायचं. थांबायचं म्हणाली तर अँटिबायोटिक चालू करून थांबायचं. मी दोन्ही पाहिलंय. एकीला थांबायचंच होतं, सहा वर्षांनी दिवस गेले होते. दोन रात्री तिच्याजवळ मीच होते.

काठावरचा
तिचं पुढे काय झालं?

रात्रपाळी
तिसऱ्या दिवशी पहाटे नाडी चढली. तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, आता करा. तासाभरात कळांचं औषध सुरू केलं. बाळ गेलं. ती आठव्या दिवशी चालत घरी गेली.