पाठ आहे, पण वाचता येत नाही: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सोनाली (बी-३०४): दुसरीतल्या मुलांचे आईबाबा कोणी आहात का? आमचं इंग्रजी माध्यम. अर्णवला काना-मात्रा सगळं ओळखता येतं, पण मराठीचं पुस्तक उघडलं की 'पा… व… सा… ळा' असं सुटं सुटं वाचतो. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो आणि कंटाळतो. ट्यूशन लावू का?

मीनल (ए-१०२): आमच्याकडेही हेच 🙏

जोशीकाका (सी-२०१): ट्यूशन कशाला? २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, कवितापाठांतर स्पर्धा ठेवू. बक्षीस माझ्यातर्फे. आमच्या वेळी कविता पाठ करूनच भाषा सुधारली.

मीनल: काका, पाठ म्हणायचं तर आमची ओवी अख्खं पुस्तक म्हणून दाखवेल. तोंड चौथ्या ओळीवर आणि बोट दुसरीवर. त्याला वाचन कसं म्हणायचं?

सेक्रेटरी: उद्या ११ ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

वसुधाताई (बी-१०१): मीनल, तोंड आणि बोट जुळत नाही ना, मग तिथूनच सुरुवात कर. माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली, म्हणून जरा लांबण लावते.

नव्या धड्यात मुलाला अक्षरही ओळखायचं असतं आणि अर्थही लावायचा असतो. पाठ असलेल्या गाण्यात पुढचा शब्द आधीच माहीत असतो. तो कागदावर कुठे आहे, एवढंच शोधायचं राहतं. म्हणून पाठ असलेलंच वाचायला द्या.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला मार्करने मोठं लिहा: करंगळी, मरंगळी, मधलं बोट, चाफेकळी, तळहात, मळहात, मनगट, कोपर, खांदा. आधी नुसतं हातावर खेळा, मग कागदावर बोट फिरवत म्हणा. बोट चुकलं तर चुकू दे, दोनचार दिवसांत जुळतं. मग 'करंगळी'खाली 'मरंगळी' लिहा आणि 'रंगळी' झाका. काय बदललं? एकच अक्षर! तळहात-मळहातचंही तसंच. यमक कानाला आधीच कळलेलं असतं, ते फक्त डोळ्यांना दाखवायचं. शेवटी 'परंगळी', 'टळहात' असे वेडे शब्द लिहून द्या. ते तर कुणालाच पाठ नसतात. ते वाचले म्हणजे पोरगी वाचतेय, मीनल.

सोनाली: आणि अर्णवचं सुटं वाचणं?

वसुधाताई: तो लिहिलंय तसं प्रामाणिकपणे वाचतो, बिचारा. आपण बोलताना 'पाव्-साळा' म्हणतो. 'कोपर'मध्ये अक्षरं तीन, पण टाळ्या दोनच वाजतात, को-पर. जोडाक्षरात तर आणखी गोंधळ. जीभ 'पुस्-तक' तोडते, कागदावर मात्र पु-स्त-क. नियम सांगून हे सातव्या वर्षी डोक्यात शिरत नाही. तालात म्हटलं की कुठे थांबायचं नाही ते आपोआप कळतं. टाळ्या वाजवत म्हणायला लावा.

प्रसाद (डी-४०३): याला संशोधनाचाही आधार आहे. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डच्या ब्रायंट आणि ब्रॅडली यांच्या गटाने तीन वर्षांच्या मुलांना किती बडबडगीतं येतात ते पाहिलं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना जास्त येत होती ती यमक ओळखण्यात आणि नंतर वाचनातही पुढे दिसली. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशोबात धरूनही. अर्थात ती इंग्रजी मुलं. आपली लिपी वेगळी, त्यामुळे सगळं जसंच्या तसं लागू करू नका.

काळे आजी (सी-००२): खांद्यावर का थांबलात? पुढे गळागुटी, हनुवटी, भाताचं बोळकं, वासाचं नळकं, काजळाच्या डब्या, देवाजीचा पाट!

मीनल: आजी, माझी आई थोडं वेगळं म्हणायची. आणि ओवी विचारतेय, भाताचं बोळकं म्हणजे काय?

काळे आजी: तिलाच ओळखू दे. गळा, हनुवटी झाली, आता बोट वर सरकव. भात कुठे जातो?

मीनल: तोंड!! वासाचं नळकं पण तिनेच ओळखलं 😄 पण बोळकं म्हणजे काय हे मलाच दाखवावं लागणार. भातुकलीतलं मातीचं मडकं शोधते.

जोशीकाका: म्हणजे स्पर्धा रद्द?

वसुधाताई: काका, राग मानू नका. स्टेजवर हातवारे करत घोकलेली कविता मला बघवत नाही. मूल पहिल्या रांगेतल्या आईकडे बघत असतं आणि एक ओळ अडली की रडतं. त्यापेक्षा रविवारी क्लब हाउसमध्ये सगळ्यांनी मिळून वाचू. प्रत्येकाला एक ओळ, ध्रुवपद सगळ्यांचं. अडखळणारं मूल घोळक्यात सांभाळलं जातं. बक्षिसाच्या पैशातून पुस्तकं आणा. विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' १९६१चं आहे, पण मुलं अजून खिदळतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात.

जोशीकाका: ठीक. पण २७ तारखेला मी एक कविता म्हणणार. हातवाऱ्यांसकट.

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी क्लब हाउस वाढदिवसासाठी बुक आहे. सकाळी ११ ते १२ घ्या. खुर्च्या परत रचून ठेवायच्या.

सोनाली: चालेल. जुनी कॅलेंडरं रद्दीत देऊ नका कोणी, बी विंगच्या लॉबीत खोका ठेवतेय. मार्कर कोणाकडे आहेत?