सोनू खोटं बोलला नव्हता

सोसायटी ग्रुप, नेरूळ. शनिवार रात्र.

ब-५०३, सोनूची आई: नमस्कार. हा विषय ग्रुपवर काढावा की नाही, बराच वेळ विचार करत होते. आज क्लब हाऊसमधून सोनू रडत वर आला. स्मॅश ब्रदर्स या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ओनिक्स आहे असं तो म्हणाला, तर मोठ्या मुलांनी स्विच या गेमच्या यंत्रावर सगळे खेळाडू उघडून दाखवले आणि त्याला थापाड्या म्हटलं. तो म्हणतोय, अ-११०२ च्या दादाकडे मी डोळ्यांनी पाहिलाय. दादा, खरं काय ते तुम्हीच सांगा.

क-२०१, काकू: ओनिक्स म्हणजे कोण गं?

ब-५०३: पोकेमॉनमधला दगडांचा साप, काकू. एकामागे एक धोंडे जोडल्यासारखं अंग आणि डोक्यावर शिंग.

क-४०४: त्या मुलांत आमचाही होता. पण त्यांनी बघूनच सांगितलं होतं. पिकाचू, पिचू, जिग्लीपफ, म्यूटू, लुकारिओ, ग्रेनिंजा, इन्सिनरोर आणि पोकेमॉन ट्रेनर नावाच्या खेळाडूचे तिघे, स्क्वर्टल, आयव्हीसॉर, चारिझार्ड. ओनिक्स नाहीच त्यात.

अ-११०२: ताई, सोनू खरं बोलतोय. मुलांनी स्मॅशचा २०१८ चा गेम, अल्टिमेट, बघितला, सोनूने माझ्याकडे १९९९ चा पहिला गेम बघितला, निन्टेन्डो ६४ या जुन्या यंत्रावरचा. त्यात खेळायला पोकेमॉन दोनच, पिकाचू आणि नंतर उघडणारा जिग्लीपफ. पण आणखी १३ जण पोकेबॉलमधून निघतात. मारामारी चालू असताना मध्येच बॉल येऊन पडतो. तो उचलून फेकायचा, आतून कोण येईल ते आपलं नशीब. गोल्डीन आला तर नुसता तडफडतो. हिटमनली लाथ घालतो. स्नॉरलॅक्स उडी मारून वरून अंगावर येतो. आणि ओनिक्स आला की सरळ वर झेपावतो, पडद्याबाहेर दिसेनासा होतो, आणि क्षणभराने वरून धोंडे कोसळायला लागतात. ज्याने बॉल फेकला तो निर्धास्त, बाकी तिघांची पळापळ. लहानपणी आम्ही चौघं भावंडं खेळायचो तेव्हा ओनिक्स निघाला की खाली पार्किंगपर्यंत ओरडा जायचा.

त्यानंतर २००१, २००८, २०१४, २०१८, एवढे गेम आले, पण पोकेबॉलमधून ओनिक्स पुन्हा कधी निघाला नाही. म्हणून आत्ताच्या मुलांना तो माहीत नाही, त्यांची चूक नाही. पण त्या पोराला थापाड्या म्हटलेलं मला लागलं. त्याने बघितलेलंच सांगितलं होतं.

क-४०४: हे ठाऊक नव्हतं. मुलाला दाखवलं, तो वाचतोय.

अ-३०२, काका: एक विचारू का? हा साप केवढा धरलाय त्यांनी? माझं सगळं आयुष्य बांधकामात गेलं, दगड म्हटलं की राहवत नाही.

अ-११०२: काका, लांबी ८.८ मीटर, वजन २१० किलो.

अ-३०२, काका: २१०? परत बघ रे बाबा, एखादं शून्य राहिलं असेल.

अ-११०२: नाही काका, २१०च. पहिल्यापासून तेवढंच आहे.

अ-३०२, काका: आपल्या पारसिकच्या डोंगराचा काळा दगड धर. घनमीटरला साधारण २,९०० किलो. म्हणजे २१० किलोत ०.०७ घनमीटरच दगड येतो. तो ८.८ मीटर लांब ओढलास तर जाडी १० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या बाथरूमच्या ४ इंची पाइपाएवढी. २९ फूट लांब आणि ४ इंच जाड! चित्रात तर एकेक धोंडा माणसाएवढा दिसतोय. आतून पोकळ असल्याशिवाय हे जमायचं नाही.

ब-५०३: काका, सोनू शेजारी बसून ऐकतोय. पोकळ म्हटल्यावर खूश झालाय, म्हणतो म्हणूनच तो एवढा वर उडतो.

अ-३०२, काका: बरोबर बोलला पोरगा.

अ-११०२: काका, तुमचा हिशोब मूळ पोकेमॉन गेममधल्या ताकदीच्या आकड्यांशीही जुळतो. ओनिक्सचा बचाव १६०, पण हल्ला फक्त ४५. पिकाचूचा ५५. ओनिक्स स्वतः कमी मारतो, म्हणून त्या गेममध्ये त्याने धोंडे टाकणं मला एकदम पटतं.

क-४०४: मुलगा विचारतोय, ओनिक्स कधी खेळायला मिळेल का? चारिझार्डही १९९९ ला बॉलमधूनच यायचा ना?

अ-११०२: हो, आणि २००८ मध्ये खेळाडू झाला. छान पकडलंय त्याने. पण चारिझार्ड १.७ मीटरचा, हातपाय असलेला. या गेममध्ये प्रत्येकाला समोरच्याला पकडून फेकता यावं लागतं, पडताना कडेला लटकता यावं लागतं. ओनिक्सला हातच नाहीत, तो लटकणार कसा? फार मोठा आहे एवढंच कारण असतं तर मी आशा सोडली नसती. मेट्रॉइड गेममधल्या रिडली या ड्रॅगनसारख्या खलनायकाला वर्षानुवर्षं तेच ऐकावं लागलं आणि अल्टिमेटमध्ये तो आलाच, आकार कमी करून.

क-२०१, काकू: शेपटीने लटकेल की!

अ-११०२: काकू, हे मला सुचलं नव्हतं. शेपटीनेच पकडायचं, शेपटीनेच लटकायचं. खरंच होऊ शकतं.

क-४०४: मुलगा खाली जाऊन सोनूला सॉरी म्हणून येतो म्हणतोय. आत्ता चालेल का, ताई? जेवणं झाली?

ब-५०३: पाठवा ना. दार उघडंच आहे.

अ-११०२: उद्या संध्याकाळी ५ वाजता सगळी मुलं माझ्याकडे या. जुना टीव्ही माळ्यावरून काढतो, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनची वायर त्यालाच लागते. रिमोट चारच आहेत, पाळीपाळीने खेळू. काका, तुम्हीही या. धोंडे पडताना बघा आणि केवढे आहेत ते सांगा.

अ-३०२, काका: येतो. टेप घेऊन येतो.