मदत हवी आहे: एग-मोर्तच्या बुरुजातल्या एका शब्दाचं मराठी

दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्त या तटबंदीच्या गावावर मराठी माहितीपत्रक करतेय. नवव्या लुईने तेराव्या शतकात वसवलेलं हे बंदर. 1248 ची धर्मयुद्धाची मोहीम इथूनच निघाली. तो भाग लिहून झालाय. अडलंय कॉन्स्टान्स बुरुजापाशी.

फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारं नांतचं फर्मान 1685 मध्ये रद्द झाल्यावर इथे प्रोटेस्टंटांना डांबलं जाई, अठराव्या शतकात मुख्यतः बायकांना. मारी द्युराँ 1730 ते 1768, अशी 38 वर्षं आत होती. धर्म सोडला की सुटका, एवढीच अट. वरच्या दालनात मधल्या झरोक्याच्या दगडी कठड्यावर एकच शब्द कोरलाय. तो तिनेच कोरला असं परंपरा सांगते, म्हणून मी 'कोरला' असं न लिहिता 'कोरलेला आहे' असंच ठेवलंय.

शब्द 'रेझिस्ते' (résister, म्हणजे प्रतिकार करणे), पण दगडावर पहिल्या एसच्या जागी जी आहे. तसाच्या तसा छापला तर आपला वाचक सरळ 'रजिस्टर' वाचेल! शिवाय ते क्रियापदाचं मूळ रूप आहे, आज्ञा नव्हे. 'प्रतिकार करा'त हत्यार उचलल्याचा भास होतो. 'तग धरणे' फार मवाळ वाटतं. 'नमायचं नाही' मला जवळचं वाटतं, पण मूळ शब्दात नकार नाही.

एका शब्दात काही सुचतं का? आणि ती चूक मराठीत दाखवावी, की फोटोखालच्या ओळीत सांगावी?