केस विकता आली तर? जुनं आइसलँड आणि आपलं सोलापूर

बाळीवेसकर:
सध्या जुन्या आइसलँडचे कायदे वाचतोय. साधारण ९३० साली त्यांची आल्थिंग सभा सुरू झाली, पण राजा नाही, पोलीस नाही, कोर्ट निकाल देणार आणि वसुली ज्याची त्याने करायची. मग गरिबाने दांडग्याकडून भरपाई कशी काढायची? तर तो आपला दावाच एखाद्या ताकदवान माणसाला देऊन टाकू शकायचा. मला हे लई पटलं. आमच्या टॉवेलच्या बिलाची केस सहा वर्षं तारखांवरच आहे, वडील दर तारखेला माग बंद ठेवून जातात. समजा असे दावे मार्केट यार्डात कांद्यासारखे लिलावाला निघाले तर?

हुरडा_प्रेमी:
बिलाची उधारी आजही दुसऱ्याच्या नावावर करता येते, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सोय आहे. नुसता नुकसानभरपाई मागायचा हक्क मात्र विकता येत नाही. पण कांदा म्हणालास म्हणून विचारतो, अडलेल्याच्या मालाला भाव कोण देतं रे? १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली ती कुणबी वाचावा म्हणून, आणि सावकारांनी काय केलं तर मुदत संपायच्या आत व्याज मुद्दलात घालून नवीन खत, म्हणजे कर्जरोखा, लिहून घ्यायला लागले. १८७५ ला पुणे-नगरकडे लोकांनी खतंच जाळली. मग १८७९ चा कायदा आला, त्यात आपला सोलापूर जिल्हापण होता, आणि जज्जाला खताच्या मागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार मिळाला. मला तुमच्या आइसलँडपेक्षा हा एक अधिकार मोठा वाटतो.

जुनी_मोडी:
पेशवाईतलं बघा. हरणाऱ्याने गुन्हेगारी म्हणजे दंड भरायचा हे ठीक, पण जिंकणाऱ्यानेही सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरायची! म्हणजे न्याय जिंकणाऱ्यालाही फुकट नाही, त्यामुळे बारीकसारीक भांडणं गावातच मिटत असणार. पण गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, वजन वतनदाराचं, ज्याला वतन नाही त्याचं कोण ऐकणार, हे मला कायम खुपतं.
आणि आइसलँडमध्येही शेवटी सत्ता मोजक्या घराण्यांच्या हातात गेली, मारामाऱ्या झाल्या आणि १२६२ पासून नॉर्वेच्या राजाचं राज्य आलं.

बाळीवेसकर:
हुरडा, म्हणजे लिलाव ठेवायचाच तर मूळ मालकाचा किमान वाटा आधी ठरलेला पाहिजे आणि जज्जाला तो सौदा उघडून बघता आला पाहिजे, असं आता वाटतंय. काल रात्री जेवताना वडिलांना विचारलं, अण्णा, विकाल का केस? ते म्हणाले, विकतो की, पण मग कोर्टात मला बोलू देतील का?