जपान रेल पास: सात दिवसांचा घ्यायचा का?

टोकियो, क्योटो, ओसाका एवढंच आणि परत टोकियो असा प्लॅन असेल तर माझं स्पष्ट मत, सात दिवसांचा देशभराचा पास (तेवढे दिवस जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांनी हवं तेवढं फिरायचं) घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला आणि टोकियो-क्योटो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) साधं तिकीट एका बाजूचं १४,००० च्या आसपास पडतं, म्हणजे जाऊन येऊन २८,००० धरा, हिरोशिमापर्यंत जाऊन आलात तरी चाळीस हजारांच्या आतच बसतं. पूर्वी पास डोळे झाकून घ्यायचे लोक, आता आधी बेरीज करायचीच.

त्यात नोझोमीला, म्हणजे सगळ्यात वेगवान शिंकान्सेनला, पासवर वेगळे पैसे पडतात, टोकियो-क्योटोला ४,९६० येन! हिकारीने, म्हणजे जरा हळू शिंकान्सेनने जा, वीस-पंचवीस मिनिटंच जास्त लागतात.

ओसाकाकडे उतरून हिरोशिमा करणार असाल तर कान्साई-हिरोशिमा एरिया पास बघा (कान्साई म्हणजे ओसाका-क्योटोचा भाग), पाच दिवसांचा असतो, शिन-ओसाका (ओसाकाचं शिंकान्सेन स्टेशन) ते हिरोशिमा नोझोमीसुद्धा चालते, शिवाय मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची फेरीबोट त्यातच.

आणि या दोन्हींतला पास कुठलाही घ्या, दिवस सलग मोजले जातात, मधे एक दिवस आराम केला तरी तो गेलाच. स्टेशनच्या गेटमधे पास घातला की पलीकडे बाहेर येतो, तो आठवणीने उचला, आम्ही बॅगा ओढत तसेच पुढे गेलो होतो, मागच्या आजींनी हाक मारून हातात दिला. हरवला तर दुसरा देत नाहीत.