जीवधनचा माथा: तुमचे अनुभव लिहा

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरहून सकाळी निघून जीवधन करता येतो आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरता येतं. किल्ला म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शहाजीराजांनी निजामशाहीचा अल्पवयीन वारस इथूनच सोडवून नेला, हेही बहुतेकांना ठाऊक असेल. या धाग्यात मला माथ्याबद्दल ऐकायचं आहे. कोणत्या महिन्यात गेलात, गवत केवढं होतं, कुठून चढलात, वरून काय काय ओळखता आलं?

माझ्यापासून सुरुवात करतो. दिवाळीच्या आधीचे दिवस. जुन्नर दरवाज्याच्या बाजूने चढलो. कातळातल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे मधला टप्पा हातापायांनी चढावा लागतो. तो संपला की एकदम गवत लागतं. छातीपर्यंत उंच, वरून पिवळं, बुडाशी अजून हिरवं. वाट दिसत नाही, पायाला लागते. सगळ्यात उंच जागी पोचलो तेव्हा हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. ईशान्येला हरिश्चंद्रगड, पूर्वेकडे हडसर आणि चावंड, त्यांच्या पायाशी माणिकडोह धरणाचं पाणी. नैऋत्येला ढाकोबा आणि दुर्ग. पश्चिमेला जमीनच संपते आणि खाली कोकण. नकाशा घेऊन तासभर नुसती नावं लावत बसलो होतो. मध्ये एकही झाड आड येत नाही, हे सुख सह्याद्रीत फार थोड्या माथ्यांवर मिळतं.

*

आम्ही वैशाखरेहून नाणेघाट चढून गेलो होतो. मुंबईकरांना हे सोयीचं, कल्याणहून मुरबाड-टोकावड्याकडची एसटी मिळते. मात्र पहाटे पायथ्याला असाल तरच एका दिवसात जमतं. घाटातली ब्राह्मी लिपी कोरलेली सातवाहनांची गुहा आणि जकातीचा दगडी रांजण बघून पुढे जंगलातून वानरलिंगी सुळक्याच्या बाजूने गडाचा कल्याण दरवाजा गाठला. सुळका खालून बघताना मान दुखते, आणि वर कड्यावर आल्यावर तोच सुळका समोर असतो, त्याचा माथा जवळजवळ आपल्या पातळीला. साडेतीनशे फुटांचा तो दगड आणि त्याच्यामागे कोकण, हे दृश्य मला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याइतकंच आवडतं. वाद घालायचा असेल त्यांनी जरूर घालावा.

*

सप्टेंबरात गेलो. ढगात होतो, काही दिसलं नाही. सोनकी मात्र पायाखाली पसरलेली. पुन्हा जाणार.

*

मी याच भागातला, म्हणून थोडं वेगळं लिहितो. डोंगराचं गवत तुम्हाला देखावा वाटतो. आमच्याकडे ते गुरांचं वर्षभराचं वैरण आहे. उतारावरचं गवत दिवाळीनंतर कापून, भारे बांधून घरी आणतात. आठ-दहा जणांचा घोळका फोटोसाठी आडवा शिरला की गवत लोळतं, आणि लोळलेलं गवत विळ्याला नीट लागत नाही. वाटेवरून एकामागोमाग चाला, एवढंच म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट वणव्याची. फेब्रुवारीनंतर हे सगळं कोरडं ठणठणीत होतं. वर एक विडी पडली तरी वारा ती आग खाली रानात आणतो. त्या रानात हिरडा आहे. बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी वाळलेली फळं, विकून आमच्या लोकांचे चार पैसे होतात, आणि त्याचा हंगामही नेमका तोच. चूल पेटवायची हौस असेल तर घाटघरात कुणाच्याही घरी सांगा, पिठलं-भाकरी करून देतील. वर काडी ओढू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

*

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा तिला घेऊन गेले. डिसेंबर महिना. पायऱ्या तुटलेल्या जागी सोबतच्या अनुभवी दादांनी वरून दोर लावला आणि तिच्या कमरेला बांधला. ती अजिबात घाबरली नाही. मी खालून तिच्या पावलांवर नजर ठेवून होते. मुलांना नेणार असाल तर दोर आणि तो वापरता येणारा माणूस, दोन्ही हवेतच. एकावर भागत नाही.

तिला सगळ्यात जास्त आवडलं ते धान्यकोठार. बाहेर लख्ख ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. टॉर्चच्या उजेडात खाली राख दिसते. १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्याची ती राख, असं सांगतात. मुलीने विचारलं, "मग त्या लोकांनी नंतर काय खाल्लं?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी ती राख पिशवीत भरून नेताना दिसलं तर कृपया थांबवा.

*

कपड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. नोव्हेंबर ते जानेवारीत कुसळी गवताची कुसळं सुटतात. प्रत्येक बीजाला एक लांब पीळदार शेपूट असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी जमिनीत शिरतं. तुमच्या मोज्यातही ते याच युक्तीने शिरतं, म्हणून कुसळ चालता चालता आत-आत जातं. लोकरी मोजे टाळा, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. रोज पायाखाली येणाऱ्या गवतात एवढी करामत असते, हे कळल्यापासून मी वर गेलो की आधी खाली बघतो.

*

मी मूळचा नारायणगावचा, आता नॉर्थ कॅरोलायनात. इथे टेनेसीच्या सीमेवर मॅक्स पॅच नावाचा ४,६२९ फुटांचा गवताळ माथा आहे. अॅपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट त्याच्यावरून जाते. झाडं नसल्यामुळे वाटेच्या पांढऱ्या खुणा लाकडी खांबांवर रंगवलेल्या आहेत. नैऋत्येला ग्रेट स्मोकी पर्वत दिसतात. चढ अगदी सोपा, आईबाबा इथे आले तेव्हा तेही आरामात चढले. बाबा वर पोचल्यावर म्हणाले, "जीवधनसारखंच आहे रे, फक्त कडा नाही."

फरक एक आहे. हा माथा जुन्या काळी गुरं चारण्यासाठी मोकळा केलेला, आणि आता वनखातं गवत कापून तो तसा राखतं, नाहीतर झाडं वर येतील. गर्दी आणि कचरा इतका वाढला की २०२१ मध्ये तिथे तंबू ठोकायला आणि शेकोटीला बंदी आली. जीवधनच्या माथ्यावर शनिवारी रात्री किती तंबू असतात हल्ली? गावाकडून फोटो येतात ते बघून काळजी वाटते.

*

धागाकर्ता: तंबूंबद्दल घाटघरच्या मंडळींनीच लिहावं. मे महिन्याबद्दल दोघांनी व्यक्तिगत विचारलं आहे, त्याचं उत्तर इथेच देतो. जाऊ नका. सावली नाही, टाक्यांतल्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि धुरकट हवेत हरिश्चंद्रगडसुद्धा दिसेनासा होतो. ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, माणशी तीन लिटर पाणी आणि सकाळी सातच्या आत घाटघर सोडा. ज्यांनी वानरलिंगी चढली आहे त्यांनी वरून माथा कसा दिसतो ते जरूर लिहा, मी वाट बघतोय.