कर्सर अंशात आहे की छेदात, हे पडद्यावर कळायला नको?

गणितमास्तर:
काल एकानं लिहिलं, "सूत्र टाइप करताना ज्याला माऊस लागतो त्यानं आधी कीबोर्डवरच्या ॲरो कळा वापरायला शिकावं, सॉफ्टवेअरला नावं ठेवू नयेत." डोकंच फिरलं. अठरा वर्षं प्रश्नपत्रिका टाइप करतोय मी. गेल्या चाचणीत (क्ष + ३) भागिले २, त्यापुढे + ५ असं हवं होतं, क्ष = ७, उत्तर १०. रात्रीचे साडेअकरा, २ नंतर कर्सर रेघेच्या टोकाशी लुकलुकत होता, वाटलं बाहेर आलो, आणि + ५ गेलं छेदात. पोरांनी १० भागिले ७ काढलं आणि आपलंच चुकलं म्हणून खोडून परत परत करत बसली. घातांकाचा शेवट आणि घातांकाच्या बाहेरची जागा यांत पडद्यावर दोन-तीन पिक्सेलचं अंतर, कर्सर जरासा बुटका होतो, तेवढीच खूण. ही शिकण्याची गोष्ट आहे का?

ॲरोवाला:
ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. वर्डमध्ये २००७ पासून ओळीत टाइप करता येतं. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबा, कंसात क्ष + ३, तिरपी रेघ, २, स्पेस. अपूर्णांक उभा राहतो, कर्सर बाहेर. ॲरोचा प्रश्नच नाही.

गणितमास्तर:
नवीन लिहिताना ठीक. उभं राहिलेलं सूत्र दुरुस्त करायचं तर आत शिरावंच लागतं ना? अंशातल्या वर्गमुळातला घातांक बदलून बाहेर यायला एक पायरी घातांकाची, एक मुळाची, मग अंशातून छेदात. एक दाब कमी पडला की संपलं.

लाटेकवाली:
म्हणून लाटेक वापरा, त्यात सूत्र साध्या मजकुरात आज्ञा लिहून टाइप करतात. ते ज्यावर उभं आहे ते टेक १९७८ चं, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथनी केलेलं. महिरपी कंसात जे आहे ते आत, बाकी बाहेर, डोळ्यांनी दिसतं.

ॲरोवाला:
ताई, एक कंस राहिला की एरर भलत्याच ओळीवर दाखवतं. शाळेतल्या मास्तरांना हे सांगताय? आणि मास्तर, क्ष कशाला, एक्स लिहा की. अकरावीला एक्सच येणार आहे.

गणितमास्तर:
मराठी माध्यमाच्या पोराला सातवीत क्ष का नको?

कळफलक:
क्ष म्हणजे आत क, हलन्त, ष असे तीन तुकडे. ॲरो एका उडीत पलीकडे जातो, बॅकस्पेस मात्र ष एकटाच खातो आणि मागं क् लोंबकळत राहतो. सूत्राच्या चौकटीत तर फाँटही बदलतो.

लाटेकवाली:
देवनागरी हवी तर लाटेकचाच झीलाटेक हा प्रकार घ्या, फाँट सांगा, चालतं.

गणितमास्तर:
चालतं, चालतं! माझ्या शाळेत एक कॉम्प्युटर, त्यावर तीन शिक्षक. तिथं नवीन काही टाकायलाच परवानगी नाही. प्रत्येक सूत्रात कीबोर्ड मराठी-इंग्रजी-मराठी करत बसतो मी, आणि तुम्ही भाषेवरून मला शिकवता?

ॲरोवाला:
आवाज चढवू नका. भाषेचा विषय काढायला नको होता, तेवढं मागं घेतो.

कळफलक:
मूळ मुद्द्यावर या. टेक्समॅक्स नावाच्या, सूत्रं टाइप करायच्या प्रोग्राममध्ये कर्सर ज्या भागात असेल त्याभोवती चौकट दिसते. छेदात असलात तर छेदाला चौकट.

गणितमास्तर:
हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून!

ॲरोवाला:
बरं, चौकट सगळीकडे हवी, मान्य. पण ओळीत टाइप करून एकदा बघा, दुरुस्तीला सूत्र परत ओळीत उलगडताही येतं.

गणितमास्तर:
उलगडता येतं हे ठाऊक नव्हतं. सोमवारी घटक चाचणीचा पेपर आहे, त्यात करून बघतो.